एका बहिणीची सही

अण्णा,

परवा तुझं तेरावं झालं. जेवायला तुझे कोर्ट-कचहरीतले सोबती होते, बँकेचे दोन साहेब होते आणि बनारसच्या आपल्या गल्लीतली उरलीसुरली मराठी घरं. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य. वकीलसाहेबांनी ज्या घराचे कागद एकदा पास केले, त्या घराच्या मालकीला पुन्हा कोणी बोट लावू शकलं नाही. मी पानांवर भात वाढत होते. एकदा वाटलं, पातेलं खाली ठेवावं आणि सांगावं, एक घर राहिलं हो. माझं.

सांगितलं नाही. वहिनी समोर बसली होती, आणि गेलेल्या माणसाबद्दल पंगतीत वाकडं बोलू नये एवढं आईनं शिकवलंय. पण तुझ्याशी बोलायला कोणाची आडकाठी? शेवटची चार वर्षं आपल्यात बोलणं झालं ते ‘चहा घेतेस?’ आणि ‘नको, निघते’ एवढंच. बाकीचं सगळं माझ्या पोटात राहिलं. ते आता बाहेर काढल्याशिवाय मला गिळवत नाही.

मामा काय काम करतो, असं लहानपणी माझी वंदना मला विचारायची. मी सांगायचे, मामा घरांच्या कुंडल्या वाचतो. कोणाला घर विकत घ्यायचं असो, की घर गहाण ठेवून बँकेतून कर्ज काढायचं असो, कागद तुझ्याकडे यायचे. तू रजिस्ट्री ऑफिसात जाऊन तीस-तीस वर्षांच्या जुन्या वह्या उपसायचास. कोणी कोणाला विकलं, मालक कधी मेला, वारस किती, सह्या कोणाच्या झाल्या, कोणाची राहिली. सगळं पाहून झालं की शेवटी एक ओळ लिहायचास. मालकी निर्वेध आहे, किंवा नाही. त्या एका ओळीवर कोणाला घर मिळायचं, कोणाचं घर अडायचं. त्या ओळीचा तुला अभिमान होता, आणि मलाही होता. तो खोटा नव्हता.

मी बी.ए. झाले ती तुझ्यामुळे. मॅट्रिकनंतर बाबा म्हणाले, पुरे आता. ते पाठशाळेत व्याकरण शिकवायचे, पण मुलीच्या शिक्षणाचं व्याकरण त्यांना मॅट्रिकपर्यंतच यायचं. तू तेव्हा वकिलीच्या पहिल्या वर्षाला होतास. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणालास, “चप्पल घाल.” पंचगंगा घाटाच्या गल्लीतून मला थेट मुलींच्या कॉलेजात नेलंस, शिकवण्यांच्या पैशातून फी भरलीस आणि घरी येऊन बाबांपुढे पावती ठेवलीस. “आता पैसे गेलेत, शिकू दे.” बाबा आठवडाभर तुझ्याशी बोलले नाहीत. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुझ्यावर नुसतं चिडता आलं असतं, ते सोपं होतं.

शहराच्या टोकाला शिवपूरचं घर आम्ही घेतलं तेही तुझ्याच भरवशावर. ह्यांची नोकरी कँट स्टेशनच्या पार्सल ऑफिसात, क्वार्टर म्हणजे दीड खोली. शिवपूरला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे पेरूचं झाड असलेलं जुनं विटांचं घर स्वस्तात मिळत होतं. विकणारे दोघे भाऊ, बैजनाथ आणि केदार. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. वडील मृत्युपत्र न करता गेलेले, आई त्याच्याही आधी. कागद आम्ही तुझ्याकडे दिले. शेजारच्या बाईनं मला बोलता बोलता सांगितलं होतं की या घरात एक मुलगी होती, लग्न होऊन गंगेपलीकडे रामनगरला दिली. म्हणून मी तुला विचारलं होतं, आठवतं? तू खुर्चीवर बसून सुपारी कातरत होतास.

“अण्णा, यांना एक बहीण आहे म्हणे. तिची सही नको का?”

“असेल. लग्न होऊन गेलेल्या बहिणी कुठे येतात भांडायला? निर्धास्त घे.”

मी निर्धास्त घेतलं. खरेदीखताला इकडे बैनामा म्हणतात. तो रजिस्टर झाला, नगर निगममध्ये नाव चढलं, घरपट्टी ह्यांच्या नावानं येऊ लागली. पहिल्या घरपट्टीची पावती मी देवापुढे ठेवली होती. हसू नकोस. तुझ्यासारख्या कागद वाचणाऱ्याला त्या पावतीचं काही वाटलं नसतं, पण ह्यांच्या सात पिढ्यांत कोणी घर विकत घेतलं नव्हतं.

मग बारा-तेरा वर्षं गेली. मधे बाबा गेले. त्याचं पुढे बोलते. वंदनाचं लग्न ग्वाल्हेरला झालं आणि मोडलं. तिच्या सासरच्यांनी तिला लहानग्या मिनूसकट माडीवरच्या एका खोलीत ठेवलं होतं, आणि तिची पत्रं आम्हाला पोचत नव्हती. हे कळलं त्या दिवशी ह्यांना ताप होता. तू एकटा गाडीत बसलास. ग्वाल्हेरला तिच्या सासऱ्याच्या दारात उभा राहून म्हणालास, “मुलीचे दागिने ठेवून घ्या, मुलगी आणि नात द्या.” वंदनानं सांगितलं मला. परतीच्या प्रवासात मिनू तुझ्या मांडीवर झोपली होती आणि तिची झोप मोडू नये म्हणून तू झाशीपासून पाय हलवला नाहीस. बनारसला उतरलास तेव्हा तुला नीट चालता येत नव्हतं.

हा तोच तू. आणि पुढे जे केलंस तेही तूच केलंस. या दोघांची सांगड मला अजून घालता येत नाही.

वंदना आली, आणि शिवपूरच्या घरात पाय ठेवायला जागा उरेना. एका खोलीत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुसऱ्या खोलीत आम्ही दोघं. वंदना आणि मिनू स्वयंपाकघरात, ओट्याखाली अंथरूण घालून. वरती दोन खोल्या काढायच्या ठरल्या. एक वंदनाला, एकीत तिनं शिवणाचा क्लास काढायचा. त्याच सुमारास बँका सामान्य नोकरदारालाही घरासाठी कर्ज देऊ लागल्या होत्या. ह्यांनी अर्ज केला. घराचे मूळ कागद बँकेत ठेवायचे, की घर तारण होतं. मॅनेजर भला माणूस होता. म्हणाला, वकिलाचा रिपोर्ट आला की महिन्याभरात पैसे.

बँकेचा वकील तूच होतास. आम्ही पेढे आणले होते, अण्णा.

रिपोर्ट आला. मॅनेजरनं ह्यांना बोलावून घेतलं. त्याच्या बोलण्यात शरम होती. “वकील साहब तो आपके साले हैं, इसलिए मैं खुद हैरान हूँ. लिख दिया है कि टाइटल साफ नहीं है.” ह्यांनी तो कागद घरी आणला. तुझ्या टाइपरायटरवरची अक्षरं मी ओळखते, त्यातला ‘र’ नेहमी वर उडायचा. लिहिलं होतं: विक्रेत्यांची बहीण रामदुलारी हिची बैनाम्यावर सही नाही. वडिलांच्या घरात तिचा एक तृतीयांश हिस्सा आहे. तो विकला गेलेलाच नाही. सबब अर्जदाराची मालकी निर्वेध नाही आणि या घरावर कर्ज देणं योग्य नाही.

ज्या बहिणीबद्दल मी तुला विचारलं होतं, तीच.

मी तशीच रिक्षा केली. चौकात उतरून गल्ल्यांतून चालत तुझ्या बैठकीत आले. दोन अशील बसले होते. मी म्हणाले, यांना बाहेर पाठव. तू पाठवलंस. मग जे बोलणं झालं ते मी इतक्या वेळा मनात घोळवलंय की त्यातला एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

“अण्णा, हे घर तू पास केलं होतंस.”

“तेव्हा मी तुझा भाऊ म्हणून पाहिलं होतं. आता बँकेचा वकील म्हणून पाहिलं.”

“भावानं खोटं सांगायचं आणि वकिलानं खरं? उलटं असायला हवं होतं ना रे?”

तू चष्मा पुसलास. मी म्हणाले, “बारा वर्षं उलटून गेली, आम्ही तिथे राहतोय. कोणी एक चिठ्ठीसुद्धा पाठवली नाही. बारा वर्षांनी मालकी होते, तूच सांगतोस लोकांना.”

“होते, पण कोर्टात सिद्ध करावी लागते. तोपर्यंत तो ताबा आहे, मालकी नाही. बँक ताब्यावर पैसे देत नाही, कुसुम. उद्या ती बाई आली तर बँकेचं तारण अर्धवट.”

“मग फाईल परत करायची होतीस. सांगायचं होतंस, माझी बहीण आहे, दुसऱ्या वकिलाला द्या.”

तू फाईलची दोरी बांधायला घेतलीस. मी बोलले. मला तेव्हा वाटलं तेच आजही वाटतं, की दुसऱ्या वकिलानं ही चूक पकडली असती, आणि मग कोणीतरी विचारलं असतं की पहिल्यांदा हे कागद पाहिले कोणी. ते नाव बाहेर येऊ नये म्हणून तू स्वतःच्या हातानं घर नापास केलंस. मी हे तुझ्या तोंडावर म्हणाले. नाही म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला असता, इतकी मी अजून तुझी होते. तू म्हणालास, “चहा घेतेस?”

मग मी ते काढलं, जे काढायचं नाही असं ठरवलं होतं.

बाबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू एक कागद माझ्यापुढे ठेवला होतास. स्टँपाचा. वर ‘हक्कसोडपत्र’ असं मोठ्या अक्षरांत. बाबांचं मृत्युपत्र नव्हतं, आई आधीच गेलेली, घर त्यांच्या कमाईचं, म्हणजे अर्धं तुझं, अर्धं माझं. हे तू सांगितलं नाहीस. म्हणालास, “नगर निगममध्ये नाव बदलायचंय, तुझी एक सही लागते. तू तर या घरचीच आहेस.” माझे डोळे रडून सुजलेले. बी.ए. झालेल्या बाईनं न वाचता सही केली. फी भरणाऱ्या भावाचा कागद कोण वाचतं? चार दिवसांनी ह्यांनी विचारलं, कसली सही केलीस, तेव्हा मला कळलं की मी काय सोडून आले.

तेव्हाही मी भांडले नाही. मला अर्धं घर नको होतं. पण मागून घ्यायचं होतंस रे. म्हणायचं होतंस, कुसुम, तुझा अर्धा हिस्सा मला दे. मी दिला असता. वर तुझ्या पाया पडले असते.

त्या दिवशी बैठकीत मी विचारलं, “बहिणीची सही न घेता घर होत नाही, हे तुला माझी सही घेताना बरोबर ठाऊक होतं. माझं घर पाहताना ठाऊक नव्हतं?”

आतून वहिनी चहाचे कप घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मी तिच्या अंगावरून निघून गेले.

पुढचं तुला अर्धवट माहीत आहे. मी कधी नीट सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस.

मी रामदुलारीला शोधलं. बैजनाथ मेला होता. केदारनं दार उघडलं आणि बहिणीचं नाव काढताच लावून घेतलं. शेवटी शेजारच्या त्याच बाईनं पत्ता मिळवून दिला. मी आणि वंदना गंगेवरच्या, पिंपांवर तरंगणाऱ्या पीपा पुलावरून चालत रामनगरला गेलो. पुलाच्या फळ्या पायाखाली हलत होत्या आणि वंदना मला सारखी विचारत होती, “आई, तू तिला काय सांगणार?” मला माहीत नव्हतं. मी एका परक्या बाईकडे तेच मागायला निघाले होते, जे तू माझ्याकडून घेतलं होतंस.

रामदुलारी सत्तरीची. किल्ल्याच्या मागच्या वस्तीत मुलाकडे राहायची. बसायला खाट दिली, गूळ-पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. तिला घर विकलं गेल्याचं कळलं होतं, पण त्यात आपलं काही होतं हे तिला माझ्याकडून कळलं.

“हमारा भी हिस्सा था?”

“आजही आहे,” मी म्हणाले. “कायद्यानं तिसरा हिस्सा तुमचा.”

ती बोटानं खाटेची सुतळी ओढत होती. मग म्हणाली, “हमसे कोई पूछा नहीं. भइया लोग एक बार पूछ लेते.” आणि एकदम माझ्याकडे पाहून, “आप अपने बाप के घर में हिस्सा छोड़ी हैं?”

“हो.”

“काहे?”

वंदना माझ्याकडे पाहत होती. तिला तोपर्यंत यातलं काही माहीत नव्हतं.

रामदुलारी लगेच राजी झाली नाही. आधी घर पाहीन म्हणाली. पंधरा दिवसांनी मुलाबरोबर आली. पेरूच्या झाडाखाली उभी राहिली. ते तिच्या वडिलांनी लावलेलं. स्वयंपाकघरात ओट्याखाली गुंडाळून ठेवलेलं वंदनाचं अंथरूण तिनं पाहिलं आणि विचारलं, इथे कोण झोपतं? मी सांगितलं. तरीसुद्धा ती विरघळली वगैरे नाही. बाहेर येऊन सरळ म्हणाली, “पैसा लेंगे. दया नहीं करेंगे किसी पर. हमारा हक है.”

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मला तिचा हेवा वाटला. माझ्या तोंडून हे वाक्य निघालं असतं तर आपल्या दोघांचं काय झालं असतं, कोण जाणे. कदाचित बरं झालं असतं.

तिचा हिस्सा द्यायला पावणेदोन वर्षं लागली. ह्यांच्या भविष्यनिधीतून पैसे काढले, माझ्या पाटल्या गेल्या. त्या पावणेदोन वर्षांत वंदना ओट्याखाली झोपली. मिनूला दमा निघाला. डॉक्टर म्हणाले, धुरात झोपवू नका. सासूबाई गेल्या आणि खोली रिकामी झाली, पण तोवर उशीर झाला होता. त्याआधीच वंदनानं नागपूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात नोकरी धरली आणि मिनूला घेऊन निघून गेली. स्टेशनवर म्हणाली, “आई, तुझ्या घरात मला जागा नाही, यात तुझा दोष नाही.” तिनं समजूत घातली, म्हणून जास्त लागलं.

रामदुलारीनं रजिस्ट्रार ऑफिसात अंगठा दिला, पैसे पदराला बांधले आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिचं हक्कसोडपत्र घेऊन मी तुझ्याकडे आले होते. टेबलावर ठेवून म्हणाले, “मी तिचा हिस्सा तिला दिला. बघ.” तू पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलंस. मी उभी होते. वाटलं, आता तरी काहीतरी म्हणशील. तू म्हणालास, “व्यवस्थित आहे. नोंदणी झाली ते बरं केलंस. नोंदणी नसेल तर असल्या कागदाला कवडीची किंमत नाही.”

त्यानंतर चार वर्षं. चहा घेतेस, नको, निघते.

मागच्या महिन्यात दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसले होते. तुझ्या नाकात नळी होती. “वरच्या खोल्या बांधल्यास?” तू विचारलंस. मी म्हणाले, “बांधल्या. भाड्यानं दिल्या. जिला राहायचं होतं ती गेली.” तू भिंतीकडे तोंड केलंस. मला त्याचं समाधान वाटलं. मरणाऱ्या भावाला टोचून मला समाधान वाटलं, हेही आज सांगून टाकते. त्यानंतर नर्सनं तुझी उशी बदलायला सांगितली, तेव्हा तुझं डोकं मी हातात धरलं. इतकं हलकं झालं होतं.

आता कालची गोष्ट.

काल सकाळी श्रीनं मला बैठकीत बोलावलं. तुझ्या मुलाला तुझ्यासारखं कठोर होता येत नाही. त्याला घरावर कर्ज काढायचंय. परदेशी प्रवासी घाटांकडच्या गल्ल्यांत महिना-महिना राहतात, खालच्या दोन मजल्यांवर त्यांच्यासाठी गेस्ट हाऊस काढायचंय. अर्ज तू आजारी असतानाच केला होता. बँकेत तुझ्या जागी आलेल्या नव्या वकिलानं कागद पाहिले.

“आत्या, एक नवा कागद करावा लागेल. हक्कसोड. बस, एक सही.”

“तो तर मी केलाय. दहा वर्षं झाली.”

त्यानं तुझी फाईल माझ्यापुढे सरकवली. त्यात माझी सही असलेला तो स्टँपाचा कागद होता, सुजलेल्या डोळ्यांनी केलेली वाकडी सही. वरच्या कोपऱ्यात तुझ्या हातचं पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘नोंदणी बाकी’. मागे कुठेही रजिस्ट्रारचा शिक्का नव्हता.

“बाबांनी कधी नोंदवलाच नाही,” श्री म्हणाला. “नगर निगममध्ये नाव चढवून घेतलं, बस. नवा वकील म्हणतो, चार महिन्यांत नोंदवायला हवा होता. आता हा कागद रद्दी. कायद्यानं... अर्धं घर तुझंच आहे, आत्या. बाबा विसरले असणार.”

तू विसरणारा माणूस? चार महिन्यांच्या मुदतीबद्दल तू दहा जणांना बजावताना मी ऐकलंय.

दारात वहिनी उभी होती. कुंकवाविना तिचं कपाळ मला अजून ओळखू येत नाही. ती म्हणाली, “विसरले नव्हते. मी दोनदा आठवण केली. पहिल्यांदा मामंजींच्या वर्षश्राद्धाला. म्हणाले, राहू दे. दुसऱ्यांदा तुमचं ते भांडण झालं त्या दिवशी. म्हणाले, राहू दे म्हटलं ना. तिचं तिला राहू दे.”

श्री आईकडे पाहत होता. त्यालाही हे नवीन होतं.

तुला काय वाटलं होतं, मी हे ऐकून रडेन? अण्णा किती मोठ्या मनाचा, म्हणेन? कदाचित एखाद्या घटकेला म्हणालेही असेन. मग मला राग आला. वंदना ओट्याखाली झोपत होती तेव्हा अर्धं घर माझं होतं. मिनूची छाती वाजत होती तेव्हा तुझ्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या बंद होत्या आणि त्यातली एक माझी होती. तू ते जाणून होतास. कायद्याच्या भाषेत माझा हक्क तू शाबूत ठेवलास, आणि मला कळू दिलं नाहीस. धनी असून मी भिकाऱ्यासारखी रामनगरला चालत गेले. जो हक्क मला ठाऊकच नाही तो माझ्या काय कामाचा? चूक केली, हे चार शब्दांत सांगायला तुझी जीभ रेटली नाही, म्हणून तू कागद न नोंदवून माफी मागितलीस. तीसुद्धा अशा फाईलमध्ये, जी तू मेल्यावरच उघडणार होती.

मी श्रीला सांगितलं, “हक्कसोडीवर सही करणार नाही. कर्जाच्या कागदावर करीन. तुझ्या नावाशेजारी माझं नाव घाल, मालक म्हणून.”

“आत्या, लोक काय म्हणतील? बाबांना जाऊन चौदा दिवस नाही झाले...”

“घाल रे तिचं नाव,” वहिनी म्हणाली, आणि आत निघून गेली.

आज दुपारी बँकेत गेलो. कारकुनानं फॉर्म भरता भरता विचारलं, “रिश्ते में आप इनकी क्या लगती हैं? बुआ लिख दूँ?” मी म्हणाले, “बुआ बाद में. पहले मालिक लिखिए.” त्यानं श्रीकडे पाहिलं. श्रीनं मान हलवली. त्यानं लिहिलं, आणि मी पानन्‌पान वाचून सही केली.

परतताना एसटीडी बूथवर थांबून नागपूरला फोन लावला. वंदना वसतिगृहाच्या ऑफिसातच होती. मी सांगितलं, आजोबांच्या घरात आपलं अर्धं आहे, पहिल्यापासून होतं, तू येतेस का परत? आधी तिला नीट कळेना, मी दुसऱ्यांदा सांगितलं. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता.

“मामाला माहीत होतं?” तिनं विचारलं.

“होतं.”

“मला ग्वाल्हेरहून आणलं तेव्हाही?”

“तेव्हाही.”

तिनं फोन ठेवला नाही. मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकत उभी राहिले, अण्णा, आणि तुझ्या वतीनं तिला सांगण्यासारखं मला काहीही सापडलं नाही.